चपला आणि नावं बाहेर

आमच्या कॉम्प्युटर रूमच्या दारावर गुजरातीत एक पाटी होती, 'चपला बाहेर काढा.' त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे देव्हाऱ्यातला देव, त्याला धूळ चालायची नाही. पण आमच्या सरांनी त्या पाटीखाली स्केचपेनने आणखी एक ओळ लिहिली होती, 'नावंसुद्धा.' नवा माणूस पाटी वाचायचा, हसायचा, चपला काढून आत यायचा आणि हात पुढे करून नाव-आडनाव सांगायला लागायचा. सर दोन्ही हात जोडून म्हणायचे, "अर्धीच पाटी वाचलीत."

आता असल्या माणसाबद्दल लिहायला बसायचं आणि पहिल्याच ओळीत त्यांचं नाव ठोकायचं, हे मला शोभेल का? तेव्हा त्यांचं नाव नाही. संस्थेचं नाव नाही. माझंही नाही, आणि तसंही त्यांच्या लेखी मला ते नव्हतंच. मी खिडकीशी बसायचे म्हणून मी 'खिडकी'. दाराशी बसणारा 'दार'. एक जण पंख्याखाली बसायचा, तो 'पंखा'. "खिडकी, आजचे फॉर्म झाले का?" सुरुवातीला मला असा राग यायचा! बी.कॉम. होऊन, वर कॉम्प्युटरचा कोर्स करून मी काय खिडकी व्हायला आले होते? घरी जाऊन मायला सांगितलं, तर ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "दार तं नही ना म्हनं तुले? दारले सगळा लोटतस." झालं. माझी तक्रार तिथेच मिटली.

काम असं होतं. प्लेगनंतरच्या त्या वर्षांत सुरतेत प्रश्न विचारायला येणाऱ्यांची नुसती रीघ लागली होती. आमच्या संस्थेने लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कामगारांचे कान आणि छाती तपासायचा अभ्यास हाती घेतला होता. आमची माणसं लिंबायत-उधन्याच्या गल्ल्यांमधून फॉर्म भरून आणायची. ऐकू किती येतं, खोकला किती दिवसांचा, कारखान्यात हवा येते का, चक्कर येते का, येत असेल तर शेठला सांगितलंय का. फॉर्म भरण्याआधी कामगाराला एक वाक्य वाचून दाखवायचं असे, 'तुम्ही कोण हे कुणालाही कळणार नाही.' बाकी सगळे ते वाक्य भराभर उरकायचे. सर मात्र त्या एका वाक्यासाठीच नोकरी करत होते, असं मला आजही वाटतं. आम्ही माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि सरांनी ती नावं काढून, बांधून, कुलूप लावून पुण्याच्या एका मोठ्या संस्थेकडे पाठवायची.

त्यासाठीचे प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिले होते, आणि त्यांची नावं काय, तर चाळणी, पुडी, गाठ आणि लाख. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'चाळणी' टाइप करून एंटर मारलं की नावं-पत्ते गळून पडायचे आणि माणसाच्या जागी एक नंबर उरायचा. 'पुडी' म्हटलं की सगळी माहिती दाबून फ्लॉपीवर मावेल एवढी व्हायची. 'गाठ' म्हटलं की तिला पासवर्ड बसायचा. 'लाख' म्हणजे लाखेचं सील. हा प्रोग्राम सगळ्या पुडीचा हिशेब करून एक लांबलचक आकडा काढायचा. फ्लॉपी पुण्याला पोचली की तिथल्या मशीनवरही तोच आकडा यायला हवा. वाटेत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी आकडा फिरायचा आणि सर ती पुडी बाद करून दुसरी पाठवायचे.

फ्लॉपी माणसाबरोबर रेल्वेने जायची. पासवर्ड तिच्याबरोबर कधी जायचा नाही. फ्लॉपी पोचल्याचा निरोप आला की सर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरायचे, काचेचं दार लावून घ्यायचे आणि तोंडासमोर रुमाल धरून पासवर्ड सांगायचे. बूथवाल्याची खात्री होती की साहेबांचं पुण्यात काहीतरी लफडं आहे. मला त्याने दोनदा खोदून खोदून विचारलं. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "असेल बाई, मोठ्या माणसांचं काय सांगावं!"

ही पुडी नि गाठ त्यांना वडिलांकडून आलेली. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हमाल होते. "हमालाने पेटी उघडून बघायची नसते आणि दुसऱ्याला उघडू द्यायची नसते," हे वडिलांचं वाक्य सर दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. "माहिती ज्याने सांगितली त्याची. आपण हमाल." वडील म्हणे गाडीत चढवण्याआधी प्रत्येक पार्सल कानाशी धरून हलवून बघायचे, आत खुळखुळलं तर पार्सल परत. सरही तयार फ्लॉपी कानाशी धरून हलवायचे. आता फ्लॉपीत काय खुळखुळणार, कपाळ? पण हलवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

फ्लॉप्यांसाठी त्यांच्याकडे स्टीलचा डबा होता. सुरतेच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते म्हणून डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले तांदूळ असायचे. पावसाळा सरला की ते तांदूळ फेकायचे नाहीत, त्यांची खिचडी करून आम्हा सगळ्यांना खाऊ घालायची. माणसांशी बोलताना हा गृहस्थ इतका मऊ की समोरच्याला लाज वाटावी, पण कॉम्प्युटर अडकला की अस्सल सुरती शिव्या! सुरतेत वाढलेला माणूस, त्याला काय कमी? खोलीत आम्ही बायका असलो तर आधी म्हणायचे, "ताई, जरा कान झाका." आम्ही कान झाकायचो आणि सगळं ऐकायचो.

त्यांचा आणखी एक कडक नियम होता. आपल्या गल्लीतले फॉर्म आपण भरायचे नाहीत. आम्ही लिंबायतला राहायचो, म्हणून तिथले फॉर्म आले की ते माझ्या टेबलावरून उचलून पंख्याकडे जायचे. "तुम्ही चांगल्या आहात हो खिडकी, पण डोळ्यांना झापड कुठून लावणार?" मला त्याचा राग येत नसे. बरंच वाटायचं.

ते बौद्ध होते. हे लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. पण चाळणीची भोकं फार बारीक केली तर माणूसच उरत नाही, असं तेच म्हणायचे, म्हणून एवढं ठेवलं. वडील वऱ्हाडातून सुरतेला आले तेव्हा भाड्याची खोली बघायला गेले. घरमालकाने आडनाव विचारलं आणि खोली 'कालच दिली' झाली. दुसरीकडे वडिलांनी आडनाव गिळलं, नुसतं नाव सांगितलं. त्या मालकाने गाव विचारलं. गावचा एक जण त्याच्या ओळखीचा निघाला, त्याच्याकडे चौकशी झाली, आणि तीही खोली गेली. सर ही गोष्ट सांगताना हसायचे. आम्हाला काही हसू यायचं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या कॉम्प्युटर रूमचा एसी एका लूमवाल्या शेठने भेट दिला होता. एसीवर ठळक अक्षरांत त्याचं नाव रंगवलेलं. आत येताना सगळ्यांची नावं बाहेर, आणि आत भिंतीवर शेठचं नाव हातभर! सरांनी त्यावर कॅलेंडर लटकवलं होतं. तर या शेठला वाटलं की कामगारांचा एवढा अभ्यास चाललाय तर एक प्रत आपल्यालाही मिळावी. त्याने डायरेक्टरसाहेबांना गळ घातली. डायरेक्टर मनाचे चांगले, पण कुणाला नाही म्हणता येत नसे. ते सरांना म्हणाले, "नावं काढलीत ना? मग द्यायला काय हरकत आहे?"

सर नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना त्यांच्या चाळणीचा भरवसा होता. थोडा अभिमानही होता, का नसावा? त्यांनी चाळून काढलेल्या यादीचा गठ्ठा छापून घेतला, तो गठ्ठाही कानाशी हलवून बघितला, आणि शनिवारी शेठच्या माणसाच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते आमच्या घरी आले. निमित्त डब्याचं. मायने थंडीतलं हिरव्या वांग्यांचं भरीत करून माझ्याबरोबर सरांसाठी पाठवलं होतं. ते खाऊन सरांनी एसी बंद करायला लावला होता, वास निघून जाऊ नये म्हणून. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून नदीकाठच्या पोंकवाल्याकडून ताजा पोंक भरून घेऊन स्वारी स्वतः हजर झाली. पोंक म्हणजे आपला हुरडाच, सुरतेत तो लिंबू-मिरीची शेव घालून खातात.

आमच्या घरात तेव्हा तीन माणसं. मी, माय, आणि पोटमाळ्यावर मामा. मामा म्हणजे मायचा सख्खा भाऊ. बायको आणि चार पोरी गावी, आणि हा इथे लूमवर रातपाळी करून त्यांना पोसायचा. त्या रविवारी तो घरी नव्हता, लग्नात संबळ वाजवायला गेला होता.

सर खाटेवर बसले. माय ताटात पोंक निवडता निवडता म्हणाली, "साहेब, हाई पोर दिनभर त्या थंड खोलीमा काय करस?"

कुणीतरी विचारलं याचाच सरांना कोण आनंद! ते सरसावून बसले. चाळणी सांगितली, पुडी सांगितली. माय 'हां, हां' करत होती. तिला पटेना असं वाटून सर म्हणाले, "ताई, असं बघा. मी तुम्हाला एका माणसाची सगळी माहिती सांगतो. नवी चाळणी लिहिली की मी त्याच्याच ओळीवर चालवून बघतो, म्हणून पाठ झालीय. सगळं सांगतो, तरी तो कोण हे तुम्हाला काय, त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही."

आणि ते म्हणायला लागले. वय बेचाळीस. मग त्यांनी गावाचं नाव घेतलं, आणि ते माझ्या आजोळचं गाव होतं.

"सर," मी म्हणाले.

"थांबा हो खिडकी," ते रंगात आले होते. "चार मुली, सगळ्या गावी. डावा कान गेलेला. जोडधंदा, लग्नात संबळ वाजवणे. लूमवर चक्कर येते, दोनदा पडला आहे, शेठला सांगितलेलं नाही."

मायचा हात ताटात थांबला. "हाऊ ते मना भाऊ शे," ती म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर म्हणावं तसं. मग ती माझ्याकडे वळली. "तो पडना? दोनदा? माले सांगं नही त्यानी."

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तो नुसता कोरा झाला. मग त्यांनी पाणी मागितलं आणि तांब्या हातात घेऊन तसेच बसून राहिले, प्यायले नाहीत. "नाव काढलं मी," ते म्हणाले. "गाव राहू दिलं. माझ्या बापाची दुसरी खोली गावावरूनच गेली होती, ताई. आणि मी गाव राहू दिलं."

मायला त्या बोलण्यातलं काही कळलं नाही, पण मला पुढचं सगळं दिसलं. कारण मामा त्याच शेठच्या लूमवर होता. चक्कर येऊन पडणारा माणूस चालत्या लूमवर कोण ठेवेल? दुसऱ्या दिवशी हिशेब हातात. आणि गठ्ठा तर कालच शेठकडे गेला होता. त्यात ती ओळ होती, गावासकट, संबळासकट. मी हे मायला समजावून सांगितलं. ती पुन्हा पोंक निवडायला लागली. पण खडे तिला दिसत नव्हते, हे मला दिसत होतं.

सोमवारी सकाळी सर मला म्हणाले, "खिडकी, चला, साक्षीला पाहिजे." आम्ही पर्वत पाटियाला शेठच्या ऑफिसात गेलो. शेठने आगतस्वागत केलं, चहा मागवला. आता पंचाईत अशी की सरांना खरं कारण सांगायची सोय नव्हती. 'गावावरून माणूस ओळखू येतो' म्हणायचं म्हणजे शेठच्या हातात किल्लीच द्यायची. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस तिथे खोटं बोलला, तेही स्वतःच्याच विरुद्ध. म्हणाले, गठ्ठा परत द्या, त्यातलं सगळं चुकलंय. एकाचा कान दुसऱ्याला, दुसऱ्याचं गाव तिसऱ्याला लागलंय.

शेठ मनापासून हसला. "मशीन ते कंई भूल करे, साहेब?"

"मशीने नथी करी," सर मान खाली घालून म्हणाले. "में करी छे."

ज्या माणसाने एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून लाखेचं सील लावलं, तो माणूस मान खाली घालून सांगत होता की माझी सगळी माहिती कालवली गेली. मला रडू येत होतं, पण साक्षीदाराने रडून कसं चालेल?

शेठने गठ्ठा दिला. वर एक शेराही मारला, "डायरेक्टरसाहेब तर तुमची फार तारीफ करत होते." मग सहज म्हणाला की एक पान यात नाही, मॅनेजर घेऊन गेलाय. आपल्या कारखान्यातलेच कोण कोण आहेत ते जरा विचारून येतो म्हणाला, लिंबायतला.

रिक्षात सरांनी गठ्ठ्याची पानं मोजली, एक खरंच कमी होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि आम्ही जवळजवळ धावतच घरी पोचलो. मॅनेजर आमच्याच घरात बसला होता, आणि तोही त्याच खाटेवर. गल्लीतल्या कुणाचीही चौकशी करायची तर माझ्या मायकडे करावी, हे लिंबायतचं शेंबडं पोरही सांगायचं. सरांनी मला दाराशीच थांबवलं.

आतलं दृश्य असं. मामा रातपाळी करून पोटमाळ्यावर झोपलेला, त्याचं घोरणं खालपर्यंत येत होतं. मॅनेजरच्या डोक्यामागे भिंतीला खुंटीवर मामाचा संबळ टांगलेला असे. मी सकाळी निघाले तेव्हा तो उघडाच होता. आता त्याच्यावर मायचं ओलं लुगडं वाळत होतं. बाहेर चुलीवर पाणी तापत होतं आणि माय ताटात कालचा पोंक घेऊन बसली होती.

मॅनेजर पानावर बोट ठेवून वाचत होता. मायने तीच ओळ दोन दिवसांत दुसऱ्यांदा ऐकली. शेवटी त्याने विचारलं, "चार लडकी, संबळ बजाता है. कौन है ये, बेन?"

"चार लडकी तो सबको है भाई," माय आपल्या हिंदीत म्हणाली, "लडके के नाद में."

"और संबळ?"

"अब संबळ कौन बजाता? सब बेंडवाले को बुलाते."

"लेकिन गाव तो तुम्हारे तरफ का है."

"उधर के तो आधे लिंबायत में है. किस किस को पहचानू?" माय म्हणाली. "नही भाई, इधर ऐसा कोई नही रहता."

मॅनेजरने वर बघितलं. "ऊपर कौन सोया है?"

"मेरा भाई. रातपाली करता है."

"उसको पूछो ना."

"पूछो," माय म्हणाली. मॅनेजरने हाक मारली, "ओ भाई!" मग जोरात, "ओ भाई!" मामाला चांगला कान उशीत दाबून झोपायची सवय होती, नाहीतर दिवसाच्या गलक्यात त्याला झोप यायची नाही. वर राहिला बहिरा कान. घोरणं तसंच चालू. मॅनेजर जरा नवलाने वर बघत राहिला. माय तोंडाला पदर लावून हसली. "रातपाली का आदमी है, तोफ फुटेगी तो भी नही उठेगा."

आणि मग तिने काय करावं? "आए हो तो ऐसे मत जाओ," म्हणत तिने त्याच्या हातातलं पान सहज ओढून घेतलं, मांडीवर पसरलं, त्यावर मूठभर पोंक, शेव, वर लिंबू पिळलं, आणि ते त्याच्या हातात ठेवलं. सुरतेचा माणूस पोंकाला नाही म्हणेल? त्याने सगळा खाल्ला. खाऊन होताच मायने तेलकट कागद उचलला, बोळा केला आणि दारातून हात लांब करून चुलीत टाकला.

"अरे, मारो कागळ!" मॅनेजर उठून उभा राहिला.

"तेल लगा था भाई. कम्प्युटर में से दूसरा निकालो ना."

सर दारातून आत आले. "नवीन काढून देतो," ते म्हणाले. "ते जुनं चुकीचंच होतं."

मॅनेजर गेल्यावर सरांनी चुलीशी वाकून कागद पुरता जळाल्याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "ताई, एवढे प्रोग्राम लिहिले, हा मला सुचला नाही."

पण ते हसत नव्हते. मामा उठेपर्यंत ते थांबले. तो खाली उतरला तसे त्याच्यासमोर हात जोडून म्हणाले, "तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी बोलून गेलो. चूक माझी आहे." मामाला काही ऐकू गेलं नाही. सर मोठ्याने बोलले. शेजारची बाई डोकावली. तसे सर चपापले, वळसा घालून मामाच्या उजव्या बाजूला गेले आणि कानाशी वाकून सगळं हळू आवाजात सांगितलं. मामा ऐकत राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या साहेब. भाकर खाई ल्या."

मायने त्याच आठवड्यात मामाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त फार कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, पुढे चक्कर थांबली. मी हे सरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, म्हटलं तुमच्या चुकीचं चांगलंच झालं. सर म्हणाले, "पार्सल फुटलं ते फुटलंच, खिडकी."

त्यांनी चाळणी पहिल्यापासून नव्याने लिहिली. गावाच्या जागी जिल्हा, वयाच्या जागी दहा-दहा वर्षांचे गट, जोडधंदे सगळे पुसले. आणि पुडी बांधण्याआधी एक नवी पायरी आली. मायला ऑफिसात बोलवायचं. ती दाराशी चपला काढायची, शेठच्या एसीखाली शाल गुंडाळून बसायची आणि सर तिला एकेक ओळ ऐकवायचे. तिने कुणाला ओळखलं की चाळणीत आणखी काहीतरी गाळायचं. पंखा एकदा म्हणाला, अहो, या बाईंना ऐकवणं म्हणजे गल्लीला ऐकवणंच ना? सर म्हणाले, "त्यांना विसरता येतं. मी बघितलंय." ज्या दिवशी माय म्हणाली, "आते कोनी वळखू येत नही," त्या दिवशी पुण्याची पुडी निघाली.

शेठला सरांनी कबूल केल्याप्रमाणे नव्या चाळणीतली प्रत पाठवली. मॅनेजर ती घेऊन पुन्हा कधी आमच्या गल्लीत आला नाही. मामा त्याच लूमवर टिकला, चारही पोरींची लग्नं त्याने तिथेच राहून केली.

किंमत सरांनी मोजली. 'साहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये सगळा घोळ असतो' हे शेठच्या तोंडून डायरेक्टरांच्या कानावर गेलं. पुढच्या अभ्यासाचं कॉम्प्युटरचं काम बाहेरच्या कंपनीला मिळालं आणि सरांना लायब्ररीत बसवलं. मी तावातावाने डायरेक्टरांना खरं काय ते सांगायला निघाले होते. सरांनी जिन्यातच अडवलं. "खरं सांगायचं म्हणजे तो माणूस कोण हेही सांगायला लागणार. पुडी उघडायची नाही." मी तिथे जिन्यात रडले. ते म्हणाले, "चला, चहा पिऊ." पुढे ते संस्था सोडून गेले. जाताना फ्लॉप्यांचा डबा मला दिला, तळाच्या तांदळांसकट.

मागच्या वर्षी ते गेल्याचं पेपरात वाचलं. नाव, आडनाव, वय, मूळ गाव, सगळं छापलेलं. खरं सांगते, ते वाचून हे कोण गृहस्थ असा मला क्षणभर प्रश्न पडला. मग कळलं आणि मी पेपर घडी करून ठेवला.

हे सगळं लिहून झाल्यावर मी मायला वाचून दाखवलं. ती आता फार थकली आहे, पण कान शाबूत आहेत. लिहिताना मी सरांच्याच चाळणीने सरांना चाळलं आहे, काही गाळलं आहे, काही बदललं आहे, काय ते विचारू नका. तरी मला भीती होतीच. माय डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होती. भरिताच्या ठिकाणी तिचे ओठ हलले. वाचून संपल्यावर मी विचारलं, "माय, ओळखलं का कोण ते?"

तिने डोळे उघडले. ते काठोकाठ भरले होते. पदराने तोंड पुसून, अगदी साधा चेहरा करून ती म्हणाली, "नही भाई, इधर ऐसा कोई नही रहता."

तेव्हा कुठे मी हे बाहेर पाठवायचं ठरवलं.